मनाविरुद्ध राहत नाही म्हणे

माझ्या थोरल्या जावेला लिहिता येत नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, लढाईत इटलीला होते आणि त्यांना जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातचं असे. ती परड्यात भांडी घासत मजकूर सांगायची, मी पायरीवर बसून लिहायची. दिरांना वाचता येई, पण लिहिणं सहीपुरतंच. त्यामुळे पुढे ती दूर गेली तेव्हा मला तिचं पत्र येण्याची सोयच उरली नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी पोस्टमन दाराशी आला की त्याच्या हातातला गठ्ठा संपेपर्यंत मी आत जात नाही.

मी साताऱ्याची, शाळामास्तरांची मुलगी. सातवीची फायनल पास झाले आणि कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या घरात दिली गेले. माझ्याबरोबर एक ट्रंक पुस्तकं आली. सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, ट्रंक उघडून पाहिली आणि भांडी मागून येणार आहेत का, एवढंच विचारलं. जाऊ विट्याच्या बाजूची, दुष्काळी मुलखातली. तिच्या माहेरी आंघोळीचं पाणी झाडाला जायचं आणि तेसुद्धा कोणत्या झाडाला यावर भांडण व्हायचं. आमच्याकडे पाटानं वाहणारं पाणी पाहून ती लग्नानंतर कितीतरी दिवस काही काम नसताना पाटाशी जाऊन उभी राहत असे. मी तिला आक्का म्हणे. ती मला मास्तरीण म्हणायची.

दुपारी ती शेंगा फोडायला बसली की मी वाचून दाखवत असे. कादंबरीतल्या नायिका तिला फारशा पसंत पडत नसत. एक नायिका तीन प्रकरणं सलग रडली, तेव्हा आक्का म्हणाली, "हिला आदी दोन एकर भांगलायला लाव. मग बघू किती रडती." त्यानंतर मी बऱ्याच थोर लेखकांची पुस्तकं वाचली, त्यांच्यावरची टीकाही वाचली. पण त्या दुपारसारखी चोख टीका माझ्या वाचनात आली नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. त्यावर गावात एकच औषध होतं आणि ते सगळ्यांकडे होतं. बाईचं मन लागल्याशिवाय गर्भ राहत नाही, असं सगळे म्हणत. वैद्यांनी नाडी धरून सांगितलं, हिचं मन जागेवर नाही. आत्याबाईंनी माझी ट्रंक माळ्यावर चढवली, म्हणजे मन उतरून घरात येईल. मनाविरुद्ध राहत नाही गं पोरी, असं त्या मला इतक्या मायेनं सांगत की राग धरणं कठीण जाई. मीही मग दूध उतू जातंय का बघावं तसं दिवसातून चारदा मनात डोकावून बघत असे. मला तर आत मुलाशिवाय दुसरं काही दिसत नसे. पण मी वाचलेली बाई. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय मला कमी होती.

लढाईच्या पाचव्या हिवाळ्यात आमचं गुऱ्हाळ लागलं. मामंजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, एक मावसभाऊ सांगलीला गुळाचे अडते होते. जरीचा फेटा, चांदीच्या मुठीची काठी. गावात आले की चावडीवर पान आधी त्यांना. आमचा गूळ त्यांच्याकडेच जाई, म्हणून गुऱ्हाळ लागलं की ते चार दिवस मुक्कामाला असत. त्यातल्या एका दुपारी आक्का गुऱ्हाळावर भाकरी पोचवून परत येत होती. वाटेत उसाच्या कडेला आमचं एक खोपटं होतं. तिथे त्यांनी तिला अडवलं.

पुढचं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून, आणि मी ते इथे लिहिणार नाही. आज त्याला बलात्कार म्हणतात. तेव्हा आमच्या घरात त्याला शब्दच नव्हता. "झालं ते" एवढंच म्हणत. तिनं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला होता. संध्याकाळी ते हाताला फडकं बांधून जेवायला बसले आणि उसाचं पातं लागलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीला निघून गेले.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी एक क्षणही शंका घेतली नाही. फडकं त्यांनीही पाहिलं होतं, आणि उसाच्या पात्यानं काय होतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पाणी तापवलं, आक्काला स्वतः न्हाऊ घातलं आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार हलक्या आवाजात, एकही पिढी न गाळता केला. फक्त पुरुषांच्या कानावर घालू नका म्हणाल्या. दोन महिने त्या आक्काला गुऱ्हाळाकडे एकटी जाऊ देत नसत. रोज तिच्या ताटात तूप जास्त वाढत.

मग आक्काला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या. दीर लढाईवर जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं.

तिसऱ्या महिन्यापर्यंत ती खरं बोलत होती. तिसऱ्या महिन्यापासून ती खोटं बोलू लागली, आणि त्यासाठी तिला एक शब्दही बदलावा लागला नाही. तूप बंद झालं. आत्याबाई चुलीपुढे नुसत्या बसून राहत. मला एकदा म्हणाल्या की फडकं बघितलं होतं हे खरं, पण राहिलं कसं मग? मनाविरुद्ध राहत नाही. ज्या वाक्यानं त्या इतकी वर्षं माझी समजूत घालत होत्या, त्याच वाक्यानं त्यांनी तिला दोषी ठरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आता मला माझंही सांगितलं पाहिजे. मीही आक्काला विचारलं. परड्यात आम्ही दोघीच होतो. मी फार जपून, पुस्तकी भाषेत, तिच्या मनात कुठेतरी, अगदी नकळत, काही होतं का असं विचारलं. तिनं हातातली शेणी भिंतीला नीट थापली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तुला पोर हुईना, तवा मी इचारलं व्हतं का तुला, तुज्या मनात काय हाय म्हून?"

तिनं मला कधीच विचारलं नव्हतं. साऱ्या गावात न विचारणारी ती एकटी होती. चार दिवस आम्ही बोललो नाही. एका घरात, एका चुलीवर, चार दिवस. मला पुढे आयुष्यात बरेच मौनाचे प्रसंग आले, काही तर फार प्रतिष्ठित माणसांबरोबरचे. त्या चार दिवसांशी त्यांची तुलना होत नाही.

त्याच आठवड्यात पूर्वेकडची मेंढरं आमच्या रानात बसायला आली. खतासाठी दर साली येत. त्या कळपाबरोबरची म्हातारी आक्काच्या माहेरच्या बाजूची, म्हणून ताक न्यायला परड्यात यायची. तिनं आक्काकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मी तिला तो प्रश्न विचारला, कारण जनावरांत जन्म काढलेलं दुसरं बाईमाणूस माझ्या माहितीचं नव्हतं. मनाविरुद्ध राहतं का? म्हातारी ताकाचं गाडगं खाली ठेवून म्हणाली, "जित्राबाला माज असतुया बाई. मेंढराला ऋतू असतुया. बाईला कवा असतुया? तिला बारा म्हैनं सारकंच. ज्याला ह्यो फरक कळंना त्येनं मेंढरं तरी कशाला राखावी?" आणि ताक घेऊन गेली. माझ्या सबंध शिक्षणात शरीराविषयी मला मिळालेला तो पहिला धडा. त्याची फी एक गाडगं ताक.

पण निवाडा म्हातारीकडे नव्हता. मामंजींच्या कानावर गेलं होतं. आक्काला घरात ठेवायचं की माहेरी धाडायचं आणि लढाईवरच्या नवऱ्याला काय कळवायचं, हे ठरवायला त्यांनी भाऊकीतल्या जाणत्यांना सोप्यात बोलावलं. साताऱ्याहून एक वकीलही आणवले. वकील गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्यामागून एक माणूस लाल रुमालात बांधलेलं पुस्तक दोन्ही हातांवर घेऊन उतरला. पोथी यावी तसं ते सोप्यात आलं. कोणीतरी त्याच्यासाठी पाट मांडला.

आम्ही बायका माजघरात दाराआड होतो. आक्का माझ्या शेजारी, जात्याला टेकून. वकिलांनी आधी चहा घेतला, मग चष्मा पुसला, मग रुमालाच्या गाठी सोडल्या. विलायतेतल्या कुठल्याशा कायद्याच्या आणि वैद्यकाच्या ग्रंथाचं ते जुनं भाषांतर होतं. त्यांच्या आजोबांच्या काळचं, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. त्यातलं एक लांबलचक वाक्य त्यांनी वाचलं. त्यातला अर्थ एवढाच होता की स्त्रीची संमती नसेल तर गर्भ राहणं संभवत नाही, आणि राहिला तर संमती होती असं समजावं.

सोप्यातल्या निम्म्या माणसांना सही करता येत नव्हती. पण ते वाक्य त्यांना ताबडतोब पटलं. भाऊकीतले सर्वांत वयस्कर आजोबा म्हणाले, "आमी काय बुकं वाचल्याली न्हाईत. पर गाय माजावर आल्याबिगर वळू फिरकत न्हाई, आन् गाय गाभण ऱ्हात न्हाई. ह्येच लिवलंय का न्हाई त्येच्यात?" वकील म्हणाले, तत्त्वतः हेच. सगळ्यांनी माना डोलावल्या. विलायतेत कोण्या पंडितानं हजारो मैलांवर बसून जे लिहिलं, तेच आमच्या गोठ्यात सिद्ध झालेलं होतं. पुस्तकाला गोठ्याची साक्ष मिळाली आणि गोठ्याला पुस्तकाची. मधे बाई होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. सांगलीच्या पाहुण्यांचं नाव तर त्या बैठकीत निघालंच नाही. गुळाच्या ढेपा अजून त्यांच्याकडेच जायच्या होत्या.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. आक्कानं मला ढकललं नव्हतं, उलट पदर धरला होता. मी म्हटलं,

"मामंजी, मनानंच राहत असतं तर मला आजवर चार झाली असती."

 वकिलांनी पुस्तकात पाहिलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. मामंजी म्हणाले, "सूनबाई, आत जा." माझे यजमान खांबाशी बसले होते, त्यांनी मान खाली घातली. ते वाक्य मी बोलले म्हणून पुढे गावात माझी बरीच बदनामी झाली, पण ते माझं नव्हतंच. ते आक्काचं होतं. मी ते परड्यातून उंबऱ्यापर्यंत आणलं, तेही चार दिवस उशिरा.

निवाडा बदलला नाही. आक्कानं माहेरी जावं असं ठरलं. नवऱ्याला लिहायचं पत्र मामंजींनी मलाच सांगितलं, कारण घरात अक्षर माझंच चांगलं. जाणत्यांचं मत पडलं की तिची मर्जी होती, असं त्यांनी सांगितलं आणि तसं मी लिहिलं. मग दुपारी दुसरं पत्र लिहिलं. त्यात खोपटं, फडकं, तूप, पुस्तक, सगळं लिहिलं. ते पत्र माझ्या यजमानांनी कराडला जाऊन टाकलं. पाकीट जाड होतं, त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि काही विचारलं नाही. आमच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी जी कामं केली त्यांत मी हे सर्वांत मोठं समजते.

आक्का गेली त्या दिवशी ती गाडीत पाठमोरी बसली. मला वाटलं होतं मागे वळून बघेल.

त्यानंतरची दोन वर्षं मी शेंगा एकटीनं फोडल्या. ट्रंक माळ्यावरून खाली आली होती, कोणाचा विरोध राहिला नव्हता. पण मोठ्यानं वाचायला कोणी नव्हतं, आणि मनातल्या मनात वाचताना नायिका किती रडतात ते कळतच नाही. तिला मुलगी झाली एवढं विट्याच्या बाजाराहून आलेल्या माणसाकडून कळलं. आक्का सुखरूप आहे का, हे विचारून यायचं त्या माणसाला सुचलं नव्हतं.

त्याच काळात यजमान मला मिरजेला दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, पुष्कळ प्रश्न विचारले, यजमानांनाही विचारले, ते घामाघूम झाले. माझ्या मनाबद्दल मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी न राहवून मीच विचारलं. त्या हात धुत होत्या. म्हणाल्या, गर्भ राहण्याशी इच्छेचा काही संबंध नाही. इच्छा असून राहत नाही आणि नसून राहतो, दोन्ही त्या रोज बघतात. मी तिथल्या बाकावर बसून रडले. त्यांना वाटलं, मूल होणार नाही म्हणून. ते तर होतंच. पण मला आक्का हवी होती, तिथे, त्या बाकावर, हे ऐकायला.

पुढे साताऱ्याच्या वाचनालयात मी त्या ग्रंथाचा माग काढला. तो समज विलायतेत फार जुना होता. दोघांचं सुख जुळल्याशिवाय बीज धरत नाही, असं तिथले पंडित शेकडो वर्षांपूर्वी मानत, आणि न्यायाधीश पंडितांचं ऐकत. नंतर त्यांच्याच डॉक्टरांनी तो खोडून काढला, नव्या पुस्तकांतून ते वाक्य गेलंही. फक्त वकिलांच्या घरी आजोबांचं पुस्तक आलं होतं. खोडणारं पुस्तक कोणी रुमालात बांधून आणत नाही.

लढाई संपल्यावर दीर परत आले. माझी दोन्ही पत्रं त्यांच्या खिशात होती, घामानं मऊ झालेली. मामंजींनी पुस्तकाचा दाखला पुन्हा दिला. दिरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, जिथनं जिथनं फौजा गेल्या तिथनं मागनं पोरं जल्माला आली. मी बघिटलीत. त्या समद्या बायांची मर्जी व्हती म्हनता?"  दुसऱ्या दिवशी दीर विट्याकडे गेले.

तीन दिवसांनी ते आक्काला आणि पोरीला घेऊन आले. आक्का अंगणात थांबली. वाळली होती. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी. आत्याबाई भाकरतुकडा घेऊन धावत पुढे आल्या, ओवाळून टाकायला. आक्कानं टाकू दिला, पण पायरी चढली नाही. मामंजी सोप्यातून म्हणाले, ये पोरी घरात, झालं ते गेलं. लुगडं काढून ठेवलंय.

आक्का म्हणाली, "मामंजी, तवा हितं जेवडी मानसं बसल्याली तेवडी बलवा. आन् त्यांच्याम्होरं येकदा म्हना, ही खरं बोलत व्हती. मग येती."

ती एवढंच मागत होती. शेत नाही, दागिना नाही, सांगलीच्या पाहुण्यांना शिक्षासुद्धा नाही. मामंजी वाईट माणूस नव्हते.  भाऊकीतले ते आजोबा अजून हयात होते. त्यांना बोलावून, इतक्या जणांपुढे, आपण आणि पुस्तक आणि गाय तिघंही चुकलो असं म्हणायचं. त्यांच्याच्यानं झालं नाही. पुन्हा म्हणाले, लुगडं चांगलं आहे गं, इरकली. दीर बापाच्या पाया पडले आणि पोतं खांद्यावर घेऊन बाहेर पडले. आक्काचा भाऊ तिकडे कुठे मद्रासच्या बाजूला सोनं गाळायच्या दुकानात होता. दोघं त्याच्याकडे जाणार होते.

मी निघाले त्यांच्याबरोबर, डोक्यावर पदर घेऊन, कोणाला न विचारता. गाडी वेशीबाहेर उभी होती. अंगणापासून वेस काही फार लांब नाही. वाटेत आक्कानं मुलीला माझ्याकडे दिलं. "घे. तिला मास्तरीण ठावं हाय. रोज सांगती मी." मुलगी आधी अवघडली, मग तिनं माझी माळ मुठीत धरली. जड होती. आक्का शेजारून चालत होती, मधेच पाटाशी थांबली, पाण्यात पाय बुडवले, निघाली. मी तिला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. ती म्हणाली, ते मला ठाऊकच होतं गं; तुला कळलं ते बरं झालं.

मला तिला विचारायचं होतं, माझ्यावरचा राग गेला का. वेशीपर्यंत विचारीन असं ठरवलं होतं. पण मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगायला लागली होती आणि बोललं तर ती जागी होईल असं वाटलं. दिरांनी पोतं गाडीत टाकलं. आक्का वर चढून बसली आणि तिनं दोन्ही हात खाली केले. मी मुलीची मूठ माळेवरून एकेक बोट करून सोडवली.